पाहुण्यांचं पाणी

सन दोन हजार तेवीस. माझं वय बहात्तर. त्या वर्षी आमच्या गावाला शहाणं करायचं ठरलं.

कुणी ठरवलं ते विचारू नका. दुष्काळी कर्जतच्या बाजूचं आमचं गाव. इथं पाऊस चुकतो, पण योजना चुकत नाही. एक संस्था आली. पुढं जीप, मागं टेम्पो, टेम्पोत पांढऱ्या बादल्या. बादलीला घट्ट झाकण आणि खाली तोटी. घरटी एक बादली आणि पाण्यात टाकायच्या औषधाची एक बाटली. शाळेपुढं मांडव घातला, नारळ फुटला, भाषणं झाली. शुद्ध पाण्यावरची भाषणं ऐकून माझ्या घशाला कोरड पडली, पण मांडवात प्यायला थेंब नव्हता. सगळ्या बादल्या रिकाम्या होत्या.

मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीची शाळा लांब होती आणि म्हशी जवळ होत्या. पण भाषणातलं मला सगळं कळलं. पाणी झाकून ठेवायचं, त्यात हात बुडवायचा नाही, तोटीनं घ्यायचं आणि औषधाचे थेंब टाकायचे. मी उभा राहिलो आणि विचारलं, "पाण्याला औषध कशापायी? माझं पाणी आजारी हाय का?"

लोक हसले. साहेबही हसले. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही. बादली दिली.

आता माझं पाणी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या रानातल्या बोअरची जागा मी दाखवलेली आहे. पोरानं खर्ड्याकडचा एक पाणाड्या आणला होता. तो तळहातावर नारळ आडवा धरून सगळं रान फिरला आणि त्याचा नारळ बांधाजवळ उभा राहिला. मग मी तोच नारळ माझ्या हातावर घेतला आणि चाललो. माझ्या हातावर तो बाभळीपाशी उभा राहिला. पोरगा म्हणाला, त्याला पैसे दिलेत, त्याचं ऐकू. मी म्हणालो, मशीन लागंल तर बाभळीपाशी, न्हाईतर मशीनपुढं मी आडवा पडतो. मशीन बाभळीपाशी लागलं. आधी नुसता धुरळा उडाला, तेव्हा पोरगा माझ्याकडं बघत होता. मग चिखल उडाला, तेव्हा मी पोराकडं बघितलं. तेव्हापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोअर आटले, आमचा आटला नाही. म्हणून त्या पाण्याला कुणी नाव ठेवलं की ते मला ठेवल्यासारखं असतं.

ते पाणी पाइपानं घरी येतं. बायकांची घागर आत स्वयंपाकघरात असते. ओसरीवर अर्धा जमिनीत पुरलेला रांजण आहे, तो माझा. मोठ्या तोंडाचा, गार पाण्याचा. माझा पितळेचा तांब्या त्यात मनगटापर्यंत बुडवायचा, गडगड आवाज करत भरला की काढायचा आणि उभ्यानं प्यायचा. सुनेनं एकदा लांब दांड्याचं ओगराळं आणून रांजणाशेजारी टांगलं, पाण्यात हात जाऊ नये म्हणून. मी ते गोठ्यात नेलं. पेंड कालवायला फार सोयीचं पडलं.

बादलीचंही तसंच झालं. आमच्या सुनेनं ती स्वच्छ धुतली, उन्हात वाळवली आणि तिच्यात कुरडया भरल्या. झाकण घट्ट, मुंगी आत शिरत नाही. समोरच्या घरी बियाणं ठेवलं. एकानं लग्नात ताकासाठी नेली, आणि तोटीमुळं ताक वाढायची इतकी सोय झाली की संस्थेचे उपकार मानावे तेवढे थोडे.

पण दिलं की बघावंही लागतं, लोक वापरतात का म्हणून. त्याला मूल्यमापन म्हणतात. तो शब्द जिभेवर बसेपर्यंत त्याच्या दोन फेऱ्या होऊन गेल्या होत्या. त्यासाठी संस्थेची एक ताई यायची. पोरगी चांगली होती, पायताण बाहेर काढून ओसरीवर बसायची. रीतभात एवढी की येण्याआधी फोन करायची, उद्या येते म्हणून. मग काय, आदल्या दिवशी कुरडया पातेल्यात, बियाणं गोणीत आणि बादल्या ओट्यावर चकचकीत. दिवाळीला आमच्या गावात एवढी घासपूस होत नाही.

ताई विचारायची, "पाणी झाकून ठेवता ना?"

"व्हय."

"हात धुता?"

"व्हय, व्हय."

"औषध टाकता?"

"टाकतो की!"

"किती थेंब?"

इथं सगळ्या एकमेकींकडं बघायच्या. मग आतून कुणीतरी म्हणायचं, "तुमी सांगितले हुते तेवढे."

मग ताई म्हणायची, तुम्ही रोज पिता ते पाणी द्या. ते ती एका छोट्या बाटलीत भरायची. बाटलीत आधीच काहीतरी घातलेलं असायचं. पाणी वाईट असलं तर ती काळी पडते, चांगलं असलं तर होती तशी राहते. बाटली भरायच्या वेळी मी कधी घरात नसायचो. बायकांच्या प्रश्नोत्तरांत बसण्यापेक्षा म्हशी बऱ्या, निदान त्या विचारत नाहीत. पण निकाल मला कळला, सगळ्या गावाला कळला. एकाही घराची बाटली काळी झाली नव्हती. पुन्हा मांडव घातला, पुन्हा नारळ फुटला. लोकांच्या सवयी बदलल्या, असं साहेब म्हणाले. वेशीत बोर्ड लागला, 'पाणी शुद्ध, गाव समृद्ध'. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. मला ठाऊकच होतं, माझ्या बोअरचं पाणी काळं कशाला पडेल?

त्याच उन्हाळ्यात नात माहेरपणाला आली. तिला कोपरगावकडं दिलेली, नवरा शुगर फॅक्टरीत. सोबत तिचं पोरगं, माझा पणतू, नुकता रांगायला लागलेला. त्याला घरात दोनच गोष्टी दिसायच्या, आई आणि माझा तांब्या. मी तांब्या उचलला की कुठूनही रांगत यायचं, माझं धोतर धरून उभं राहायचं आणि तोंड वर करायचं. मी काठाकाठानं त्याला दोन घोट पाजायचो. हनुवटीवरनं पाणी गळायचं आणि ते हसायचं.

मग त्याला हगवण लागली. तालुक्याला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. घरी आलं तेव्हा डोळे आत गेलेले. नातीनं त्याला उकळून गार केलेलं पाणी द्यायला सुरुवात केली आणि मला म्हणाली, "आबा, त्याला तुमच्या तांब्यातलं देऊ नका."

"का? तुझ्या बापाला ह्याच तांब्यातनं पाजलंय."

"डॉक्टर म्हणले पाण्यानं झालंय."

"डॉक्टरनं माझं पाणी बघितलंय का?"

मी तांब्यातलं पाजायचं थांबलो नाही. पोरगंच मागायचं, त्याला डॉक्टरनं काय सांगितलं ते कुठं ठाऊक होतं!

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाईन. या वेळी ते रडायलाही तयार नव्हतं, आईच्या खांद्यावर नुसतं पडून होतं. त्या रात्री नात त्याला मांडीवर घेऊन बसून राहिली.

सकाळी कोपरगावहून नातीच्या सासूचा फोन आला. सुनेनं फोन मोठ्यानं लावला होता, चुकून का मुद्दाम, देव जाणे.

"विहीणबाई, पोरगं हितं धडधाकट हुतं. तुमच्याकडं आलं आन दोनदा सलाईन झालं. तुमचं पाणीच बरं न्हाई. रविवारी आमचा पोरगा न्यायला येतोय. आन सांगून ठिवते, पाण्याचं काय ते झाल्याबिगर आता पोराला तिकडं पाठवायची न्हाई."

मळीच्या वासात जन्म गेलेली बाई माझ्या पाण्याला नाव ठेवते! मी फोन हिसकून घेणार होतो, पण तो कुठं दाबल्यावर बोलता येतं ते मला सापडत नाही. मी नातीला म्हणालो, "वेशीतल्या बोर्डाचा फोटो पाठव तुझ्या सासूला."

नात म्हणाली, "बोर्डानं पोराचं पोट थांबतंय का, आबा?" आणि ती पिशवी भरायला आत गेली. ती आता गेली की पोरगं पुन्हा या ओसरीवर रांगणार नाही, हे मला कळत होतं. पण कारण माझं पाणी, हे मला मान्य नव्हतं.

गुरुवारी ताईची तिसरी फेरी होती. त्या दिवशी मी रानात गेलो नाही. म्हशींची पेंड कालवली, हात धोतराला पुसले, म्हणजे धुतल्यातच जमा, आणि टोपी घालून ओसरीवर बसलो. ताई आली तसं तिला म्हणालो, "ताई, मला एक चिठ्ठी लिहून द्या. आमचं पाणी चांगलं हाय म्हणून. कोपरगावला पाठवायचीय."

ताई हसली. "चिठ्ठी कशाला बाबा? या वेळी बाटली तुमच्याकडंच ठेवते. तुम्हीच बघा आणि तुम्हीच सांगा त्यांना."

तेवढ्यात सून पाणी घेऊन आली. स्टीलचा पेला, खाली ताटली. मी पेल्याकडं बघितलं. बाहेरून पेल्याला घाम आला होता. माझा रांजण गार आहे, पण भर उन्हाळ्यात पेल्याला घाम फुटावा एवढा गार नाही.

"ह्ये कुठलं पाणी?"

सुनेनं पदर सारखा केला. "मामा, पाव्हण्यांला देतो तेच."

"म्हंजे कुठलं?"

दारात पोराला कडेवर घेऊन नात उभी होती, ती म्हणाली, "जारचं हाय आबा. गावातल्या फिल्टरच्या मशीनचं. सगळ्याच घरात ताईंना जारचं देत्यात. ज्याच्याकडं जार न्हाई तो शेजारून आणतो. ताई पुढच्या दारानं घरात येत्यात, तवर जार मागच्या दारानं पुढच्या घरी पोचतो."

ताईनं बाटली खाली ठेवली. "पण तुम्ही रोज पिता ते पाणी मी मागत होते."

"ताई, तुमी आमच्या दारी पाव्हण्या," सून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पाव्हण्या माणसाला काय रांजणातलं द्यायचं? लोक काय म्हणतील?"

यात कुणी खोटं बोललं, असं मी म्हणणार नाही. पाहुण्याला रोजचं पाणी देणारं घर आमच्या गावात नाही. रोजचा चहा देत नाही, रोजची सतरंजी देत नाही, तर रोजचं पाणी कसं देणार? पाहुणीनं ते प्यायच्या ऐवजी बाटलीत भरलं, तो तिचा प्रश्न.

ताईनं पेल्याला हात लावून बघितला. मग तिला हसूच आलं. "प्रत्येक घरात पाण्याची चव एकच आणि गारवाही तेवढाच. मला वाटायचं, हा बादल्यांचा गुण!"

मी मात्र तापलो होतो. "म्हंजे माझं पाणी आजवर कुणी तपासलंच न्हाई? मशीनचं पाणी पास केलं आन बोर्ड आमाला लावला?" माझ्या बोअरला कुणी नापास केलं असतं तर मी भांडलो असतो. पण त्याला परीक्षेलाच बसू दिलं नव्हतं, यासारखा अपमान नाही.

माझा आवाज ऐकून समोरच्या घरातला माझा दोस्त तंबाखू मळत आला. आम्ही एका वर्गात होतो, तो तिसरीतच सुटला. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हातारबा, झाकली मूठ ऱ्हाऊ दे. बोर्ड उतरवत्याल."

"उतरवू दे. मी काय बोर्डाचं पाणी पितो?" मी ताईला म्हणालो, "भरा बाटली. आत्ता, माझ्यासमोर."

ताईनं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. म्हणाली, एक पाइपाच्या तोंडाशी धरू, बोअर चालू करून, आणि एक रांजणातली.

"दोन कशाला?" दोस्त म्हणाला. "पानी एकच हाय की."

"एकच आहे ना?" ताई म्हणाली. "मग दोन्ही सारख्याच निघतील."

पाइपाखालची बाटली तिनं भरली. रांजणातलं पाणी मी दिलं. नेहमीसारखा तांब्या बुडवला, भरला आणि काढला. ताई पाण्याकडं नाही, माझ्या हाताकडं बघत होती. बोअरच्या बाटलीला पांढरा दोरा बांधला, रांजणाच्या बाटलीला लाल. उघडू नका, उद्या संध्याकाळी येते म्हणाली आणि बाटल्या कोनाड्यात ठेवून गेली.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर जेवढी माणसं येऊन गेली तेवढी माझ्या आजारपणात आली नव्हती. जो तो कोनाड्यात वाकून बघायचा आणि मान हलवायचा, जणू आतला पेशंट सीरियस आहे. दोस्तानं देवळातला अंगारा आणला. "कुठल्या बाटलीला लावू?" म्हणाला. मी त्याला हाकलला.

शुक्रवारी दुपारपासूनच लाल दोऱ्याची बाटली सावळी दिसायला लागली होती. मी म्हणालो, कोनाड्यात उजेड कमी आहे. संध्याकाळी ताईनं दोन्ही बाटल्या अंगणात आणल्या. पांढऱ्या दोऱ्याची होती तशी होती. लाल दोऱ्याची तव्याच्या बुडासारखी काळी.

सगळ्यांच्या आधी मी बोललो. "बोअर पास!"

"बोअर पास झाला, म्हातारबा," दोस्त म्हणाला. "पर पाइपातनं रांजणात येऊस्तोवर नापास झाला. वाटंत कोन भेटलं त्याला?"

लोक हसले. ताई हसली नाही. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली आणि हळू बोलली, "पाणी चांगलंच आहे बाबा. तुमची जागा बरोबर होती. पाणी साठवल्यावर बिघडतंय. रांजणात हात जातो."

"कुणाचा हात?"

सून जमिनीकडं बघत होती. नात तांब्याकडं बघत होती. आमच्या घरात रांजणात तांब्या बुडवणारं माणूस एकच आहे, हे सांगायला चौथी पास व्हावं लागत नाही.

"रांजणाचं तोंड मोठं हाय," मी म्हणालो. "त्यात धूळ जाती. पाल पडत असंल."

"व्हय," दोस्त म्हणाला. "पाल तांब्या घिऊन येत असंल."

एवढ्यात पोरगं आईच्या मांडीवरून उतरलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच ते आपण होऊन रांगत होतं. सरळ माझ्यापाशी आलं, तांब्याच्या गळ्याला दोन्ही हात घातले आणि तोंड वर केलं. अंगणातली सगळी माणसं बघत होती. नात पुढं झाली नाही. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.

मी तांब्या उचलला आणि वर कोनाड्यात ठेवला, बाटल्या होत्या तिथं. पोरगं रडायला लागलं. जोरात रडलं, म्हणजे अंगात जोर आला होता. मी त्याची समजूत काढली नाही. मला समजूत काढता येत नाही, ते काम घरात बायकांचं.

ताई जाताना म्हणाली, "पुढच्या वेळी फोन करणार नाही. आणि पाणी माझं मीच घेईन, असेल त्यातलं."

"मग तुमी पाव्हण्या न्हाई ऱ्हायल्या," सून म्हणाली. "घरच्या झाला."

बोर्ड अजून वेशीत आहे. तो उतरवायचा तर वरून मंजुरी लागते म्हणे. लावताना शिडी लागली होती फक्त.

रात्री मी नातीला सांगितलं, "सासूला फोन कर. म्हणावं, बोअर पास झालाय. बाकीचं आमचं आमी बगतो."

"बाकीचं म्हंजे काय सांगू, आबा?"

"तेवढंच सांग."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी लवकर उठलो. कुरडया पातेल्यात ओतल्या, पांढरी बादली पाइपाखाली नेली, घासली आणि बोअरच्या पाण्यानं भरली. औषधाचे थेंब किती, ते सुनेला विचारलं. ती आधी बावरली, मग तिनं खरा आकडा सांगितला. म्हणजे तिला ठाऊक होता. बादली मी ओसरीच्या कट्ट्यावर ठेवली, झाकण लावलं. रांजणातलं पाणी उपसून म्हशींना पाजलं. मग साबणानं हात धुतले. तसेही मी धुणारच होतो. कोनाड्यातला तांब्या काढला, आतून राखेनं घासला आणि तोटीखाली धरला. तोटीचं पाणी म्हणजे रुसलेल्या म्हशीचं दूध. तांब्या भरेपर्यंत माझा पाय अवघडला. भरल्यावर मी तो उभ्यानं प्यालो. औषधाचा वास येत होता.

सून आणि नात दारात उभ्या होत्या. पोरगं रांगत आलं आणि त्यानं माझं धोतर धरलं.

"बोअरचंच हाय," मी म्हणालो. तांब्या पुन्हा तोटीखाली धरला, भरला आणि नातीच्या हातात दिला.